अंबाजीच्या हातचं पारीज

आगरकोनात अंबाजी नावाचे तिघे होते. एक खोताचा, एक लंगडा आणि तिसरा सायबाचा. ही गोष्ट तिसऱ्याची.

उरणपासून दीड कोसावर, खाडीच्या अंगाला हे गाव. एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला मिठागरं. पावसाळ्यात भात लावायचं आणि पाऊस सरला की मिठागरात उतरायचं, असं तिथल्या माणसांचं वर्ष दोन पायांवर चालायचं. अंबाजी म्हात्र्यानं मात्र विसाव्या वर्षी मोऱ्याच्या बंदरातून मुंबईची लाँच धरली आणि कुलाब्याला एका स्कॉच साहेबाच्या बंगल्यावर नोकरीला राहिला. साहेब गोदीत इंजिनिअर होता. लग्न न केलेला, कमी बोलणारा आणि खाण्याच्या बाबतीत मुलखाचा हट्टी. त्याला बाकी काही कसंही चाले, पण सकाळी सहाला पारीज लागायचं.

पारीज म्हणजे ओटांची लापशी. तांदळाच्या कणीसारखे फोडलेले ओट विलायतेहून डब्यात यायचे. साहेबानं स्वतः चुलीपाशी उभं राहून ती विद्या अंबाजीला शिकवली. आदल्या संध्याकाळी ओट भिजत घालायचे. सकाळी एका वाटीला तीन वाट्या पाणी, आच मंद, आणि गोल लाकडी दांड्यानं एकाच दिशेनं ढवळत राहायचं. हात थांबला की गुठळी झालीच. दाणा फुलेपर्यंत मीठ घालायचं नाही, नाहीतर तो आतून कडक राहतो. बुडबुडे जड झाले, भांड्यातून ‘पुक्‌, पुक्‌’ असा दमदार आवाज यायला लागला, की तीन बोटांची चिमूट मीठ सोडायचं, भांडं उतरवायचं, झाकण ठेवून शंभर आकडे मोजायचे. दूध गार, आणि वेगळ्या वाटीत. साखर घालून खाणाऱ्या माणसाची साहेबाला कीव यायची.

आणखी एक नियम होता. चाखायचं नाही. पहिल्याच आठवड्यात अंबाजीनं पळी जिभेला लावून बघितली, ते साहेबानं पाहिलं आणि सगळं भांडं मोरीत ओतायला लावलं. त्यानंतरच्या अठरा वर्षांत अंबाजीनं पारजाचा एक दाणा तोंडात घातला नाही. तो कानानं आणि डोळ्यानं शिजवायचा. मीठ किती पडलं हे त्याच्या डोक्याला ठाऊक नसायचं, बोटांना ठाऊक असायचं.

अठ्ठेचाळीस साली साहेब आपल्या देशी गेला. जाताना त्यानं अंबाजीला एक चांगलं पत्र दिलं, ते कुणाला वाचता आलं नाही, आणि लाकडी दांडा दिला. अंबाजी गावी परतला. आगरकोनात पुरुषानं रांधायचं म्हणजे लग्नाच्या पंगतीला, नाहीतर बायको बाळंत झाली म्हणून नाइलाजानं. त्यामुळे अठरा वर्षांची ती विद्या छपराच्या आढ्याला खोचून ठेवल्यासारखी राहिली. अंबाजी खाचरात उतरला, मिठागरात पाणी खेळवायला लागला आणि दुसऱ्यांच्या घरच्या कालवणाला नावं ठेवायला लागला. ‘रस्सा फुटलाय’, ‘चिंच आधी पडली’ असं तो दोन घास खाऊन सांगायचा. लोक हसत. बायकांना राग यायचा.

त्याची बायको केसर. अठरा वर्षांत तिच्या वाट्याला नवरा आला तो वर्षाकाठी पंधरा दिवस. बाकीचे दिवस तिनं मिठागरातून मचव्यापर्यंत डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या, सासूसासऱ्यांचं शेवटपर्यंत केलं, चंदर नावाचा एक मुलगा वाढवला. नवरा कायमचा घरी आला तेव्हा ती पस्तिशीला टेकली होती. दोघांना एकमेकांची सवय नव्हती. पहिलं वर्षभर तर दोघं एकमेकांशी पाहुण्यांसारखी वागायची. मग हळूहळू संसार लागला, आणि लोकांचे संसार जुने होतात त्या वयात यांचा नवा होता. अंबाजी तिला जीव लावायचा. ते बोलून दाखवण्याची रीत नव्हती, म्हणून तो तिच्याही कालवणाला नावं ठेवायचा.

पंचावन्न सालच्या दिवाळीनंतर केसरचं तोंड सुजायला लागलं. सकाळी उठली की डोळे मिटल्यासारखे दिसायचे. मग पाय सुजले, मग हात. अंबाजीनं तिला बैलगाडीत घालून उरणला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी तिथला खळगा तसाच राहिला.

“मूत्रपिंडं बिघडलीत,” डॉक्टर अंबाजीला बाजूला घेऊन म्हणाले. “औषध देतो, पण खरं औषध एकच. मीठ बंद. चिमूटभरही नाही. मीठ पोटात जात राहिलं तर सूज छातीपर्यंत चढेल, आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही.”

दुसऱ्या कुठल्या गावात ही गोष्ट सोपी असती. आगरकोनात नव्हती. मीठ पिकवणारं गाव ते. नवी सून घरात आली की आधी तिच्या हातात मिठाचं मडकं देत. आणि घरात मयत झालं की दहा दिवस चुलीवर अळणी शिजवत. अकराव्या दिवशी भावकीतलं कुणीतरी मीठ घेऊन यायचं आणि तेव्हा कुठं ते घर पुन्हा माणसांत यायचं. जित्या माणसापुढं अळणी पेज ठेवणं म्हणजे तो असतानाच त्याचं सुतक धरणं. मरायला टेकलेल्या म्हाताऱ्यालाही तिथं मिठाची पेज पाजत.

सून रतन हिनं पहिल्या दिवशी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणं बिनमिठाची पेज केली. केसरनं एक घोट घेतला आणि वाटी जमिनीवर ठेवली.

“मी आजून जिती हाय,” ती म्हणाली. “मेल्या घरचं जेवान माज्या पुढ्यात ठेवू नका.”

“डाक्तरनं सांगलंय,” अंबाजी म्हणाला. “मीठ बंद म्हंजे बंद.”

“मंग माजं खानंच बंद करा.”

ती हट्टानं बोलत नव्हती. तिला खरोखरच गिळवत नव्हतं. तोंडात घास गेला की तिला सासूचे दहा दिवस आठवायचे, सासऱ्याचे आठवायचे, आणि ती घास बाहेर काढायची. दूध दोन घोट जायचं तेवढंच. चार दिवसांत बाई वाळली, आणि सूज मात्र होती तिथंच. शेजारी राहणारी अंबाजीची थोरली बहीण गोदूबाई येऊन बसायची. ती विधवा होती आणि गावातल्या सगळ्या रीतीभातींची चावी आपल्याच कमरेला आहे असं तिला वाटायचं.

“अरे अंब्या, थोडंसं मीठ दे तिला,” ती म्हणायची. “उपाशी मरन्यापरीस खाऊन मरंल.”

पाचव्या दिवशी अंबाजी मोऱ्याला गेला आणि मुंबईच्या लाँचमध्ये बसला. भाऊच्या धक्क्यावर उतरून तो चालत कुलाब्याला गेला. साहेबाचं सामान जिथून यायचं त्या दुकानातल्या पारशी शेटजीनं त्याला ओळखलं. ओटांचे दोन डबे घेऊन अंबाजी दुसऱ्या दिवशी घरी आला.

त्यानं असा विचार केला होता. अळणी पेज ही सुतकाची, हे गावाला ठाऊक आहे. अळणी भात सुतकाचा, हेही ठाऊक आहे. पण पारीज गावानं कधी बघितलंच नाही. ज्या पदार्थाला गावात नाव नाही, त्याला रीत कुठून असणार? ते खारं असतं की अळणी, हे सांगणारा आगरकोनात एकच माणूस होता, आणि तो खोटं बोलायला तयार होता.

त्या सकाळी गोदूबाई, रतन आणि चंदर केसरभोवती जमले. सात वर्षांनी दांडा पुन्हा भांड्यात फिरला. अंबाजी चुलीपुढं बसला की वेगळाच माणूस व्हायचा. पाठ ताठ, नजर भांड्यात, एक कान वाफेकडं. कुणी काही विचारलेलं त्याला ऐकू यायचं नाही. भांडं ‘पुक्‌, पुक्‌’ बोलायला लागलं, त्यानं ते उतरवलं, झाकलं, आकडे मोजले, आणि गार दुधाच्या वाटीसह केसरपुढं नेऊन ठेवलं.

“यात मीठ हाय का?” केसरनं विचारलं.

“यात मीठ घालतच न्हाईत. सायबाच्या देशात सनावाराला बी हे असंच खातात.”

“सायबाच्या घरी मयत झाल्यावर काय खातात, ते बी सांग,” गोदूबाई म्हणाली, पण तिच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

केसरनं पहिला घास घेतला. ती थांबली. नवऱ्याच्या तोंडाकडं तिनं बराच वेळ बघितलं. मग खाली मान घालून सगळी वाटी संपवली.

अंबाजीला रडू आलं. ते लपवायला तो भांडी घासायला ओट्यावर गेला, आणि पुरुष माणूस भांडी घासतोय म्हणून गावाला आठवडाभर पुरेल एवढा विषय मिळाला. त्याचं त्याला काही वाटलं नाही. आपल्या हाताला अजून गुण आहे, आपण इतकी वर्षं बायकोपासून लांब राहून जे शिकलो ते तिच्याच कामी आलं, या विचारानं त्याची छाती दोन बोटं फुगली होती. त्यानं सकाळ-संध्याकाळचं पारीज आपल्याकडं घेतलं. रतनला त्या भांड्याला हात लावू देईना. घरातल्या बाकीच्यांसाठी ती कालवण-भात करायची, तेही त्याचं झाल्यावर.

केसर वाटीभर खायची. पण पंधरा दिवस झाले तरी सूज उतरली नाही. उलट रतन तिला आंघोळ घालायची तेव्हा पोटावरही पाण्याचा फुगवटा दिसायला लागला.

डॉक्टरांनी पुन्हा नडगी दाबली. खळगा पहिल्यापेक्षा खोल होता.

“घरात कुणीतरी मीठ देतंय,” ते म्हणाले.

“शक्य न्हाय, डाक्तरसायब. तिचं सगळं मी सोताच्या हातानं करतो.”

“म्हात्रे, मी सूज बघतो. सूज खोटं बोलत नाही.”

येताना गाडीत अंबाजीच्या डोक्यात एकच प्रश्न होता. कोण? आणि त्याला दोन दिवसांपूर्वीची गोष्ट आठवली. तो मिठागरातून अवेळी घरी आला होता. रतन सासूच्या उशाशी बसली होती. त्याची चाहूल लागताच तिनं मूठ मिटली आणि पदराखाली नेली. “मुठीत काय हाय?” असं त्यानं सहज विचारलं होतं. “काय न्हाय, मामा,” ती म्हणाली होती, आणि तिचा चेहरा उतरला होता. तेव्हा त्यानं ते सोडून दिलं. आता गाडीच्या धक्क्याधक्क्याला ती मूठ त्याच्या डोळ्यांपुढं यायला लागली.

घरी आल्या आल्या त्यानं रतनला ओटीवर बोलावलं. चंदर होता, गोदूबाई होती, आवाज ऐकून आलेले दोघे-तिघे शेजारी होते. रतन एकवीस वर्षांची, सासरी येऊन दोन वर्षं झालेली, साधी, हाताखाली राबणारी मुलगी.

“तवा मुठीत काय व्हतं?”

ती बोलेना.

“खडेमीठ व्हतं का?”

“न्हाय, मामा.”

“मंग काय व्हतं, सांग की.”

रतननं आतल्या खोलीच्या दाराकडं एकदा बघितलं आणि मान खाली घातली. तिथं तिनं तोंड उघडलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण ती गप्प राहिली, आणि गप्प राहणाऱ्या सुनेला आपल्याकडं कुणी निर्दोष समजत नाही. गोदूबाई म्हणाली, “सासूला बरं वाटावं म्हून दिलं असंल पोरीनं.” हे ती रतनची बाजू घेऊन बोलली, आणि त्यानंच रतनवर शिक्का बसला. अंबाजीचा तोल गेला. “माजी बायको मारतीस तू,” असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. “माहेरी जा. ही उठून बसंल तवा तुला आनायला मानूस धाडीन.”

चंदर खांबाला टेकून बसला होता. तो एक अक्षर बोलला नाही. बापासमोर तोंड उघडायची त्याला सवय नव्हती, हे खरं. पण बायको अशी सगळ्यांपुढं उभी असताना तरी माणसानं सवय मोडायला हवी होती. दुसऱ्या दिवशी तो तिला करंज्याला घेऊन गेला, तरीच्या होडीत बसवलं आणि खाडीपलीकडं रेवसला तिच्या बापाकडं सोडून आला.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते असं झालं.

रतन गेल्यावर घरातलं सगळंच अंबाजीवर आलं. तो राबत होता, आणि सूज वाढत होती. केसरला आडवं पडलं की दम लागायचा, म्हणून तिला भिंतीला टेकवून बसवून ठेवायचे. अशीच ती आठव्या दिवशी सकाळी चुलीसमोरच्या दारात बसली होती. अंबाजी भांड्यात दांडा फिरवत होता. चंदर कामावर गेला होता. घरात दोघंच होती.

“एक बोलू?” केसर म्हणाली.

“बोल.”

“रतनला आना. मीठ घालताव, त्याला माजी ना न्हाय. पन ते त्या पोरीच्या माथी मारू नका.”

अंबाजीचा हात थांबला. “कंचं मीठ?”

“पारजातलं.”

“पारजात मीठ न्हाय.”

“पैल्या दिसापासून हाय,” ती म्हणाली. थांबून तिनं दम घेतला. “पैला घास तोंडात गेला आन मना समजलं. मना वाटलं, डाक्तरनं तुमाला सांगलंय, ही आता र्‍हात न्हाय. म्हून तुमी गुपचूप घालताव. जाताना माजं तोंड अळनी र्‍हाऊ नये म्हून. तुमी लोकांपुढं न्हाय म्हनता, तर मी कशी व्हय म्हनू? रतनवर आळ आला तवा बी मी गप र्‍हायले. ते माजं पाप हाय. पन आता त्या पोरीबिगर मना घर खायाला उठतंय.”

तो सवयीनं पुन्हा दांडा फिरवायला लागला. भांडं बोलायला लागलं होतं. ‘पुक्‌, पुक्‌.’

“बघा,” केसर हळूच म्हणाली. “तुमचा हात बघा.”

त्यानं बघितलं. त्याचा उजवा हात दांडा सोडून चुलीच्या बाजूला गेला होता. तिथं घरच्या कालवणासाठी ठेवलेलं मिठाचं मडकं होतं. साहेबाच्या घरीही मिठाची बरणी त्याच बाजूला असायची. तीन बोटं मडक्यात गेली होती, चिमूट भरून वर आली होती आणि भांड्यावर येऊन थांबली होती, ती केसर बोलली म्हणून. ती बोलली नसती तर चिमूट पडली असती आणि ती पडली हे त्याला कधीच कळलं नसतं.

त्यानं मूठ उघडून मीठ जमिनीवर टाकलं. मग शिंक्यावरून कालचं उरलेलं पारीज काढलं आणि आयुष्यात दुसऱ्यांदा पळी जिभेला लावली. खारं होतं. साहेबाला आवडायचं तितकंच, नेमकं, बरोबर खारं.

तेवीस दिवस. सकाळ-संध्याकाळ. आपल्या हातानं.

तो केसरसमोर येऊन बसला. त्याला आपलं तोंड कुठं लपवावं ते कळेना, म्हणून त्यानं ते लपवलं नाही.

“डाक्तर तसं कायबी बोलला न्हाय,” तो म्हणाला. “मीठ बंद केलं तर तू उठशील, असं बोलला. मी आशा सोडलेली न्हाय, केसर. एक दीसबी सोडलेली न्हाय. हे माज्या हातानं केलं, मी न्हाय केलं.”

केसर त्याच्याकडं बघत राहिली. त्यानं तिला नावानं हाक मारली होती. आगरकोनात कुणी बायकोला नावानं हाक मारत नसे.

“म्हंजे मी मरत न्हाय?”

“मी मारली न्हाय तर न्हाय.”

ती भिंतीला डोकं टेकून रडली. तेवीस दिवस ती आपल्या मरणाची तयारी करत होती, नवऱ्यानं ते मान्य केलंय असं समजून, आणि त्याला त्रास नको म्हणून एक शब्द न बोलता.

त्याच दुपारी गोदूबाईला केसरपाशी बसवून तो करंज्याला गेला आणि तरीनं रेवसला उतरला. सासऱ्यानं सुनेला आणायला स्वतः जाणं ही रीत नव्हती. मुलाला धाडायचं, नाहीतर भावकीतला एखादा म्हातारा. रतनचा बाप नामा घरत अंगणात जाळं विणत बसला होता. त्यानं मान वर केली, पण ये-बस म्हटलं नाही. अंबाजीला ते रास्त वाटलं.

तो अंगणातच उभा राहिला. “नामाभाऊ, तुमच्या लेकीवर मी आळ घेतला,” तो शेजारीपाजारी ऐकतील एवढ्या आवाजात म्हणाला. “मीठ तिनं दिलं न्हाय. मीठ मी दिलं.”

आणि मग त्यानं सगळं सांगितलं. हाताचं, मडक्याचं, अठरा वर्षांचं. एखाद्याला ते खरं वाटलं नसतं. नामा आयुष्यभर जाळी विणणारा माणूस. त्यानं आपल्या बोटांकडं बघितलं, ऐकताना ती आपोआप चालतच होती, आणि त्याला ते खरं वाटलं. त्यानं घोंगडी टाकली.

रतन दारात येऊन उभी होती.

“पोरी, मुठीत काय व्हतं गो?” अंबाजीनं विचारलं. “आता सांगू नको वाटलं तर नको सांगू.”

“आत्याबाईंच्या बांगड्या,” रतन म्हणाली. “हाताची सूज आली, काच रुतायला लागला. त्या म्हनल्या, दोन वाढव, पन मामांना कळू देऊ नको. भरल्या घरात माजा हात मोकळा बघून त्यांच्या मनाला लागंल. मना शपथ घातली.”

नवऱ्याच्या मनाला लागू नये म्हणून बायकोनं लपवलं, सासूच्या शपथेसाठी सुनेनं आळ सोसला. आणि या सगळ्यांत ज्याला स्वतःवर सगळ्यात जास्त भरवसा होता तो एकटा चुकला. अंबाजीनं डोक्यावरची टोपी काढली. सुनेच्या पाया पडता येत नाही, म्हणून त्यानं ती टोपी नुसतीच हातात धरली.

“उद्यापासून पारीज तू कर,” तो म्हणाला. “मी चुलीपाशी येनार न्हाय.”

“मना न्हाय येत, मामा. तुमी कधी बघू बी दिलं न्हाय.”

“जसं जमंल तसं कर.”

पुढं शिमगा आला तेव्हा केसरच्या पायांवरची सूज उतरली होती, आणि ती त्यानंतर पाच वर्षं जगली. ते तेवीस दिवस नसते तर ती आणखी किती जगली असती, हे अंबाजीनं डॉक्टरांना एकदा विचारलं. डॉक्टरांनी त्याचं उत्तर दिलं नाही, आणि त्यानं पुन्हा विचारलं नाही. ही पाच वर्षं ज्या सकाळपासून मोजायची, ती सकाळ रतन परत आल्याच्या दुसऱ्या दिवसाची.

अंबाजी चुलीकडं पाठ करून केसरजवळ बसला होता. मागं काय चाललंय ते त्याला कानानंच कळत होतं. पाणी कमी पडलं होतं. आच मोठी होती. दांडा मध्येच थांबत होता, म्हणजे गुठळ्या होत होत्या. मग बुडाला लागल्याचा वास आला. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते आणि ते त्यानं तिथंच एकमेकांत घट्ट धरून ठेवले.

रतननं दोन वाट्या आणल्या. एक सासूपुढं ठेवली, आणि दुसरी, भीत भीत, सासऱ्यापुढं.

केसरनं घास घेतला. खरोखरचा अळणी घास. तिच्या घशाशी तो अडला, हे दोघांनाही दिसलं. तिनं डोळे मिटले आणि गिळला. मग दुसरा घेतला.

“करपलंय गो,” ती रतनला म्हणाली, आणि तिसरा घास घेतला.

रतनचा चेहरा एवढासा झाला. तिनं सासऱ्याकडं बघितलं. गावात कुणाच्या घरचं कालवण ज्यानं कधी नावाजलं नाही, त्या माणसाच्या तोंडात गुठळ्यांचं, करपलेलं, अळणी पारीज होतं. केसरची वाटी तळापर्यंत रिकामी झाली होती.

“असंच रोज करीत जा,” अंबाजी म्हणाला.